चाकांवरचं घर निवडताना

हिंगोलीकडच्या बायकांना फिरतं घर काही नवं नाही. महाशिवरात्रीला औंढ्याला निघालेली छपराची बैलगाडी म्हणजे दोन दिवसांचं घरच असायचं. खाली कंदील लटकायचा, मागं सरपण, मध्ये लेकरं, आणि कोपऱ्यात फडक्यात बांधलेल्या भाकरी. सेनगाव-कळमनुरीकडच्या तांड्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारा, बैलांच्या पाठीवर संसार घालून फिरणाऱ्या आज्या-पणज्यांच्या गोष्टी त्या अजून सांगतील. आषाढात नर्सीहून नामदेवांची पालखी पंढरीला निघते, तेव्हा दिंडीबरोबर मालमोटारही चालते. पीठ-मीठ, पातेली, तंबू, आजारी माणूस, सगळं तिच्यात. आणि टपावर भांडी बांधून, आचारी बरोबर घेऊन काशी-रामेश्वर करणारी यात्रेची बस कोणी पाहिली नाही?

आता याच्या पुढचं पाऊल पडू लागलं आहे. जुनी बस विकत घ्यायची, आतले बाक काढायचे, तिथं पलंग, ओटा, मोरी, कपाटं बसवायची आणि मोटारघर करून हिंडायचं. परदेशात हे खूळ जुनं. १९६८ ते १९७६ च्या काळात ‘अल्बर्ट’ नावाची एक दुमजली बस लंडनहून थेट कलकत्त्यापर्यंत प्रवासी आणत असे. तिच्यात झोपायच्या जागा होत्या, जेवायची खोली होती, स्वयंपाकघरही होतं. आपल्याकडे राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून घरोघरी पुरुष मंडळींच्या गप्पांत हा विषय अधूनमधून निघतो. कुठं दोन भाऊ मिळून बस पाहून येतात, कुठं निवृत्त झालेले ‘हे’ हिशेब मांडून बसतात. मग बायकोला हाक येते, “पडदे कुठल्या रंगाचे लावायचे गं?”

मैत्रिणींनो, पडदे राहू देत मागे. घर निवडण्याचा सराव आपल्यालाच जास्त आहे. भाड्याची जागा पाहायला गेल्यावर आपण आधी काय बघतो? पाणी, संडास, उजेड, वारा, आणि मागचं दार. बसचंही तसंच बघायचं. त्यातही मागचं दार सगळ्यात आधी. ते का, हे पुढं सांगतेच.

जुनी म्हणजे किती जुनी?

बस म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं लाल एसटीच येते. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, हे पुष्कळ जणींना ठाऊक असेल. पण हिंगोली त्या वेळी निजामाच्या राज्यात. इथला सरकारी बसचा इतिहास त्याहून जुना आहे. निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची बससेवा आजच्या राज्य परिवहन महामंडळात मिळाली. हिंगोली, कळमनुरी, वसमत ही आगारं परभणी विभागातली. चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बांधलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या गाड्यांतून आपण माहेर-सासर केलं. त्यामुळं “एखादी जुनी एसटीच घेऊ की घर करायला,” असं वाटणं साहजिक आहे.

पण हा विचार आता मनातच ठेवावा लागतो. पंधरा वर्षं पुरी झालेल्या सरकारी आणि एसटी महामंडळांच्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून होत नाही. त्या भंगारातच जातात. कुणी तुम्हाला “एसटीची आहे, स्वस्तात देतो” म्हणालं, तर ती रस्त्यावर चालवायची सोय नाही असंच समजा. शेतात उभी करून खोली म्हणून वापरायची असेल तर गोष्ट वेगळी. पुण्यात २०१६ पासून शहर बससेवेच्या जुन्या गाड्यांमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहं उभी राहिली, तीही एका जागी थांबलेलीच.

“मग पुरातन गाडी म्हणून नोंदवू,” असाही सल्ला मिळतो. तोही खरा नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणं पुरातन गाडी म्हणजे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, खाजगी दुचाकी किंवा चारचाकी. ती रोज फिरवता येत नाही. आतून तोडून घर केलेली बस त्यात बसत नाही. म्हणजे राहिल्या कुठल्या? कारखान्यांच्या, शाळांच्या, ट्रॅव्हल्सवाल्यांच्या जुन्या गाड्या. त्यांतूनच निवडायचं.

तीन गाड्या, एक रस्ता

बाजारात साधारण तीन मापांच्या जुन्या गाड्या दिसतात. पहिली थोरली, टाटा किंवा लेलँडची तेहतीस ते छत्तीस फुटी. दुसरी मधली, स्वराज माझदासारखी वीस-बावीस फुटी मिनीबस. तिसरी धाकटी, मॅटाडोर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर. कागदावर तिघी छान दिसतात. मनातल्या मनात त्यांना आपल्या जिल्ह्यातून एक फेरी मारून आणू या, म्हणजे कोण कशी ते कळेल.

निघायचं हिंगोलीहून. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही इथल्या वस्त्यांची नावं अजून जुन्या लष्करी छावणीची आठवण सांगतात. दसऱ्यात रामलीला मैदानाकडं गर्दी लोटते, तेव्हा हा दीडशे वर्षांहून जुना उत्सव पाहायला सगळा जिल्हा येतो. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डापुढं गाड्यांची रांग. अशा वेळी थोरली बस चौकातून वळवायची म्हणजे ड्रायव्हरच्या कपाळाला घाम. मधली वळते. धाकटी तर रिक्षाच्या मागून निघून जाते.

पुढं नर्सी. कयाधू नदीकाठचं हे नामदेवांचं गाव, हिंगोलीहून जेमतेम अर्ध्या तासावर. रस्त्याच्या कडेला काळी माती. पावसाळ्यात वाटेवर कुठं थोरली बस डांबरावरून चार हात खाली उतरली, तर ट्रॅक्टर बोलवावा लागेल. रात्रीचा मुक्काम करताना नेहमी मुरमाची कडक जागा बघायची, हा नियम तिन्ही गाड्यांना; पण थोरलीला तो मोडणं परवडतच नाही. वरच्या अंगालाही लक्ष हवं. टपावर पाण्याची टाकी आणि सौर पत्रे चढवले की उंची वाढते, आणि गावातल्या लिंबाच्या फांद्या न् विजेच्या तारा काही वर सरकत नाहीत.

तिथून औंढा नागनाथ. ज्योतिर्लिंगाचं ते काळ्या दगडाचं भक्कम मंदिर, भिंतींवरचं कोरीव काम, आणि मागच्या बाजूला बसलेला नंदी. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, ही कथा इथं लहान पोरही सांगतं. विसोबा खेचर नामदेवांना गुरू म्हणून भेटले तेही इथंच. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेनं वाकून, जपून उतरायचं. आत दर्शन घेताना कितीही भाव दाटला, तरी चार माणसं जास्त झाली की प्रत्येकीची नजर वर जाणाऱ्या पायऱ्यांकडं वळते. एकच वाट असलेली जागा आपल्या जिवाला आपोआप कळते. ही जाणीव गाडी पाहायला जाताना बरोबर न्या.

औंढ्याहून पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाकडं जाऊन यावं, मग शिरड शहापूरच्या मल्लिनाथांचं जैन मंदिर पाहून वसमत गाठावं. या फेरीत चढ-उतार आहेत, खड्डे आहेत, मधूनच गुळगुळीत रस्ताही आहे. थोरल्या गाडीचे पाटे भार सोसतात, पण ती डिझेल पिते. लिटरला चार-पाच किलोमीटरच्या वर फारशी आशा धरू नये. चालवायला जड वाहनाचा परवाना लागतो. म्हणजे घरातला माणूस चालवणार नसेल तर ड्रायव्हरचा पगार, त्याचं जेवण आणि त्याच्या झोपायची जागा धरावी लागते. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी मात्र हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालते. धाकटी त्यात आरामात बसते, मधलीतल्या बहुतेक बसतात. तरी एकूण वजन आरसी पुस्तकात वाचूनच खात्री करावी.

धाकटीचं दुखणं दुसरं. मॅटाडोर १९६९ पासून आपल्या रस्त्यांवर आली, पण ती बनणं बंद होऊनही आता वीस-पंचवीस वर्षं होत आली. सुटे भाग शोधत नांदेड-परभणी करावं लागतं. शिवाय तिच्यात ताठ उभं राहता येत नाही. दोन दिवस वाकून चहा करा, मग कंबर काय म्हणते ते बघा! उंच टपाची ट्रॅव्हलर त्या मानानं बरी. पण नवरा-बायको आणि दोन लेकरं, यापुढं तिच्यात कुणाला घेऊ नये.

भजनी मंडळातल्या आठ-दहा जणींना जायचं असेल, तर मला मधली गाडीच हिंगोलीच्या रस्त्यांना शोभणारी वाटते. थोरलीचा थाट मोठा, पण वर्षातले दहा महिने ती अंगणात उभी राहून गंज खाते.

दुसरं दार

आता मागच्या दाराविषयी. १ जुलै २०२३ ची रात्र आठवते? नागपूरहून पुण्याकडं निघालेली खाजगी स्लीपर बस समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ जण आत गेले. बस दाराच्या बाजूवर पडली, दार जमिनीशी दाबलं गेलं. वाचले ते काच फोडून बाहेर पडलेले थोडे जण. ती बस आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून जात होती.

हे सांगून घाबरवायचं नाही. पण जुन्या बसचं घर करताना सगळ्यात आधी काय होतं ते पाहा. बसला संकटकाळी बाहेर पडायचं दार किंवा खिडकी असते, ती नेमकी मागं किंवा उजव्या अंगाला. सुतार विचारतो, “ताई, कपाट कुठं बसवू?” आणि नजर त्याच भिंतीवर जाते. तिथं कपडे ठेवायचं कपाट होतं, नाहीतर मोठा पलंग आडवा येतो. शाळेच्या बसला खिडक्यांना आडव्या दांड्या असतात, त्या चोराच्या भीतीनं तशाच ठेवल्या जातात. दिसायला घर अगदी टुमदार होतं, आणि बाहेर पडायची वाट एकच उरते.

म्हणून तयार मोटारघर पाहायला गेलात की आधी विचारा, “दुसरं दार कुठं आहे?” विकणारा कपाट दाखवून “त्याच्या मागं होतं” म्हणाला, तर उठून यावं. आतून, अंधारात, एका हातानं, किल्लीशिवाय उघडेल असं दुसरं दार हवं. आणि ज्या जाड्या काकू आपल्याबरोबर येणार आहेत, त्यांना त्यातून बाहेर पडता आलं पाहिजे. हसू नका, माप घ्या!

चूल, पाणी आणि बाकीचं

आगीचं दुसरं मूळ म्हणजे आपला गॅस. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत यात्रेकरूंच्या एका उभ्या रेल्वे डब्यात पहाटे चहासाठी गॅस पेटवला गेला आणि नऊ जण गेले. सिलिंडर नियम मोडून आत आणलेला होता. बंद डबा, झोपलेली माणसं आणि गॅस यांचं जमत नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली जमिनीलगत साठतो. वरची खिडकी उघडून तो जात नाही. म्हणून सिलिंडरची जागा बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या खणात आणि त्या खणाच्या तळाला भोक हवं. गाडी चालू असताना शेगडी पेटवायची नाही म्हणजे नाही. सगळ्यात उत्तम, गाडी थांबवून, बाजूला ताडपत्रीचं छप्पर ओढून बाहेर स्वयंपाक करावा. वास आत कोंडत नाही, आणि वारा लागतो तो वेगळाच.

पाण्याचा हिशेब आपण सहज करतो. दहा जणींना प्यायला आणि रांधायला दिवसाला पन्नासेक लिटर धरा, भांडी-अंघोळ वेगळी. दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो वजन होतं. म्हणजे तीन-चार बायका जास्तीच्या! एवढं ओझं टपावर नको. गाडी वळणावर झोलते. टाकी खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये असावी.

संडासाबद्दल बोलायला संकोच वाटतो, पण बोललंच पाहिजे. प्रवासात जागा मिळणार नाही म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, आणि यात्रेचं पुण्य दवाखान्यात. माझ्या मते मोटारघर घेण्याचं एकमेव खरं कारण हेच. आत बंद दाराची छोटी जागा, बाहेर काढता येईल अशी घट्ट झाकणाची टाकी, आणि हात धुवायला नळ, एवढं असेल तर बाकी पुष्कळ उणीव चालेल. ती टाकी मात्र सार्वजनिक शौचालयातच रिकामी करायची. कयाधूच्या काठावर नाही.

झोपायच्या जागेचं माप निजूनच घ्यावं, लाजू नये. वरच्या फळीवर बसून डोकं टपाला लागतं का पाहा. हिंगोलीचा मे महिना म्हणजे पत्र्याचा तवा; टपाला आतून अस्तर हवंच. पण थर्माकोल नको, तो पटकन पेटतो. फोमच्या गाद्यांचा धूरही फार वाईट. त्यापेक्षा आपली कापसाची पातळ गादी बरी. ती पेटत नाही असं नाही, पण उन्हात टाकता येते, पिंजता येते. दिवे-पंख्यांसाठी वेगळी बॅटरी आणि प्रत्येक तारेला फ्यूज हवा. उघड्या वायरींना चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली, की नव्या वायरिंगचा खर्च किमतीत धरावा.

बाहेरून पाहताना

इंजिनाचं मेस्त्री पाहील. पण मेस्त्रीच्या आधी चार गोष्टी आपल्यालाही कळतात. सकाळी लवकर, न सांगता जावं. इंजिन थंड असताना सुरू करायला लावावं. निळसर धूर सतत येत असेल तर ऑइल जळतंय. फ्रिजवर लावतो तो लोहचुंबक फडक्यात गुंडाळून लोखंडी चौकटीला, पायऱ्यांच्या कडेला, खालच्या पट्ट्यांना लावून पाहावा. जिथं तो चिकटत नाही तिथं बहुधा गंज खाल्लेल्या भोकावर पुट्टी भरून रंग दिलेला असतो. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला मात्र तो चिकटणारच नाही, तिथं गडबडून जाऊ नये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ असेल तर २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी ताजी दिसली तरी जुनाट रबर वाटेत दगा देतं. आणि टायर एक नाही, मोठ्या गाडीला सहा, वर स्टेपनी.

कागद बायकांनीही वाचावेत

बाक काढून पलंग बसवणं हा गाडीत केलेला बदल आहे. त्याला आरटीओची मंजुरी आणि आरसी पुस्तकात नोंद लागते. आपल्याकडं एमएच ३८ चं कार्यालय हिंगोलीतच आहे, एक चक्कर मारून चौकशी करायला हरकत नाही. पुस्तकात अजून ‘बस, इतक्या सीट’ असंच असेल आणि आत ओटा-पलंग असतील, तर तो व्यवहार अर्धाच झालेला आहे. विम्याच्या कंपनीलाही बदल कळवलेला हवा. नाहीतर नेमक्या वेळी दावा अडतो. भाड्यानं चालणाऱ्या गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी होतं. जुन्या गाडीला पर्यावरण कर असतो, त्याची पावती मागावी.

आणखी एक. गाडी खाजगी म्हणून नोंदलेली आणि आपण मंडळातल्या प्रत्येकीकडून पैसे गोळा करून यात्रा काढली, तर त्याला भाडं म्हणतात. त्यासाठी परमिट वेगळं. “आपल्या आपल्यातच तर आहे,” हे अपघातानंतर कुणी ऐकत नाही. म्हणून वर्षातून एकदाच जायचं असेल तर परमिट असलेली यात्रेची बस ठरवावी, तेही हेच सगळे प्रश्न विचारून. वर्षातून दोन-तीन महिने हिंडणारं घर असेल, तरच विकत घ्यावं.

घ्यायचीच ठरली, तर घरात एक बोलणं आधी करून टाका. मोटारघरात चूल आली म्हणजे ती आपल्याच गळ्यात, असं नको. घरी जी रांधते तिनं धरणाकाठीही रांधायचं, आणि बाकीच्यांनी सूर्यास्त पाहायचा, तर मग चार भिंतींतून निघून तरी काय मिळवलं? पोळ्यांची पाळी, भांड्यांची पाळी, पुरुषांसकट लिहून दारावर लावावी.

आणि पैसे देण्यापूर्वी एकच परीक्षा घ्या. जितकी माणसं जाणार तितकी सगळी गाडीत बसवा, म्हातारी सासूबाई आणि लेकरंसुद्धा. पुढचं दार बंद करा, दिवे मालवा. मग घड्याळ लावून सगळ्यांना दुसऱ्या दारानं बाहेर यायला सांगा. अडखळत, धक्काबुक्की करत वेळ गेला, तर सुताराला बोलावून कपाट हलवा आणि पुन्हा करून पाहा. सगळे सुखरूप, पटकन खाली उतरले, की मग खुशाल दुकानात जा आणि पडद्याचा रंग निवडा.